चौथं नाव

भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन आवाज होते. घरातला आवाज आष्ट्याच्या बाजारातला होता. खताच्या दुकानात पोती मोजताना, जेवताना, आईवर खेकसताना ते तोच वापरत आणि तो मला आवडायचा. दुसरा माइकचा. माइक हातात आला की 'हाय' चं 'आहे' व्हायचं, 'या की' चं 'उपस्थिती दर्शवावी' व्हायचं आणि मान किंचित मागं जायची, जणू कुणीतरी खाली बसून त्यांचा पुतळा करतंय. माइक नसतानाही हा आवाज कधी कधी यायचा. त्याआधी भाऊ घसा खाकरत. आई चुलीपुढनं न उठता म्हणायची, "आला गं पावणा."

त्यांचं एक मंडळ होतं. मंडळाचं नाव मी इथं लिहीत नाही. गावातल्या भिंतींवर ते त्यांनी पुरेसं लिहून ठेवलं होतं. गणपती, रक्तदान, मोतीबिंदूची शिबिरं आणि दहावीत पास झालेल्या पोरांना पाण्याच्या बाटल्या एवढ्यावर मंडळ कसंबसं तग धरून असायचं. पण वर घाटमाथ्यावर आठवडाभर पाऊस कोसळला, धरणातनं पाणी सोडल्याची बातमी आली की भाऊंचा रंग उजळायचा. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, तो रंग मी पाहिलाय. लग्नघरातल्या माणसाला येते तशी एक लगबग त्यांच्या अंगात यायची. चप्पल घालायच्या आधीच ते फोनवर बोलत असत आणि फोनवरही 'बंधू-भगिनींनो'च्या सुरात.

त्या वर्षी आमच्याकडं पाऊस फारसा नव्हताच. ऊन पडत होतं, अंगणात आईनं वाळवण घातलं होतं आणि तिकडं कृष्णाकाठची गावं निवांतपणे पाण्याखाली चालली होती. पुराची ही रीत बाहेरच्या माणसाला पटत नाही. त्याला वाटतं, पूर म्हणजे लाटा, आरडाओरडा. आमच्याकडचं पाणी पावण्यासारखं येतं, आधी अंगणात उभं राहतं, मग उंबऱ्यावर, मग आत येऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यायला लागल्या. ट्रॉलीत माणसं, गाद्या, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या. मागं बांधलेली जनावरं. शाळेचं मैदान भरलं. आमचं घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून, त्यामुळं ओल्या म्हशींचा, फिनेलचा आणि मोठ्या पातेल्यात करपलेल्या खिचडीचा एकत्र वास आमच्या उशीपर्यंत यायचा. आजही कुठं खिचडी करपली की मला आधी म्हशी आठवतात.

मदत यायला लागली. ज्यांनी ती उघडून बघितलेली नाही ते तिला ओघ वगैरे म्हणतात. मी खोकी उघडायला होते. एका खोक्यात अकरा नेकटाय निघाले. एकात नवरदेवाची शेरवानी, एकात उंच टाचेची एकच चप्पल, डाव्या पायाची. बिस्किटाच्या पुड्यावर देणाऱ्याचा फोटो चिकटवलेला असायचा, आणि पुडा घेणाऱ्याच्या हातात फोटो वर येईल असा द्यायचा, हे भाऊंनी स्वयंसेवकांना करून दाखवलं होतं. टी-शर्टही छापून आले, पाठीवर 'सेवक'. भाऊंच्या टी-शर्टवर 'मुख्य सेवक'. जनावरांना मात्र कुणी काही पाठवलं नव्हतं. म्हशी टाय खात नाहीत. शेवटी पूर्वेकडनं, आटपाडीच्या बाजूनं, धनगरवाड्यातली चार माणसं एक ट्रक कडबा घेऊन आली. दुष्काळात आमच्या भागातनं त्यांच्याकडं उसाचं वाडं, हिरवे शेंडे, चाऱ्याला गेलं होतं, त्याची ती परतफेड. त्यांनी कडबा उतरवला, चहा घेतला, गेली. भाऊंनी फोटोसाठी थांबायला सांगितलं तर त्यातला म्हातारा म्हणाला, "आमचा कशाला, कडब्याचा काडा की."

परवा, इतक्या वर्षांनी, पुन्हा पाणी चढलं तेव्हा इथं, मी आता राहते त्या मलकापुरात, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जुने कपडे गोळा करायचं आवाहन आलं. मी विचारलं, चाऱ्याचं काही करताय का. उत्तरादाखल जोडलेले दोन हात आले. माणसं बदलतात असं मी पुस्तकांत वाचलंय.

आमच्या अंगणात तेव्हा भाकरी चालायच्या. गल्लीतल्या दहाबारा बायका, तीन चुली, पोत्यानं पीठ. पहाटे उजाडताना जी थापटणी सुरू व्हायची ती दुपारी ऊन उतरेपर्यंत. बारा जणींचे हात मागंपुढं पडत, आणि मध्येच कधी सगळ्यांचे एकदम पडत, तेव्हा भिंतीपलीकडची पोरं क्षणभर गप्प व्हायची. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, नाहीतर पिठलं. या कामाला टी-शर्ट नव्हता. आई त्या सगळ्यांत जलद. ती नदीकाठची लेक, तिनं लहानपणी दोनदा घर सोडून पाणी बघितलेलं. तिच्या पाठची बहीण, माझी सुलामावशी, नदीकाठच्याच एका गावात दिली होती. मावशीचा नवरा फौजेत, तेव्हा वर कुठंतरी बर्फात. घरात मावशी, दोन म्हशी आणि तिची सासू, थोरल्या आक्का.

आक्का ऐंशीच्या पुढच्या. खुबा मोडल्यापासून खाटेवर, पण जीभ कुठं मोडलेली नव्हती. सुट्टीत मावशीकडं गेले की गुऱ्हाळावरनं गरम काकवी आणवून त्या माझ्या तळहातावर ओतायच्या आणि चाटताना मला बघत बसायच्या. भाऊंना त्या 'कर्णा' म्हणत, जत्रेत झाडाला टांगतात तो. "कर्णा बरा हाय का गं तुमचा? न्हाई, लय दिस ऐकू आला न्हाई." भाऊंना हे माहीत होतं. याचा पुढच्या गोष्टीशी काही संबंध होता का, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं. नव्हता, असं आता वाटतं. संबंध असता तर बरं झालं असतं, राग समजतो.

तिसऱ्या दिवशी मंडळाला एक यांत्रिक बोट मिळाली. एकच. एका खेपेत पाचसहा माणसं, आणि बाभळी, विजेच्या तारा, पाण्याची ओढ चुकवत जाऊन यायला दीडदोन तास. म्हणजे कुणाला आधी आणायचं याची यादी हवी. ती भाऊंनी आमच्या सोप्यात बसून ठरवली आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला लिहायला बसवलं. मी तेव्हा कॉलेजात होते, बारावी नुकती संपवलेली, आणि माझ्या अक्षराचा मला फार गर्व होता. नियम भाऊंनी घरातल्या आवाजात सांगितला: "आदी अंथरुणावरची म्हातारी माणसं. मग पोटुशा बाया, मग तान्ही पोरं. मग राहिलेल्या आळ्या, पाणी जिकडं जास्त तिकडनं." नियम चांगला होता. हे मुद्दाम लिहिते. भाऊ मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर हे प्रकरण लिहायची गरज नव्हती.

त्या नियमानं आक्कांचं नाव चौथं आलं. मी ते लिहिलं, खाली रेघ मारली आणि अंगणात जाऊन आईला सांगितलं. मावशीचा फोन सकाळी येऊन गेला होता. आवाज बारीक, बॅटरी संपत आलेली. पाणी कमरेला लागलं, शेजारच्या पोरांनी आक्कांना माळ्यावर चढवलंय, म्हातारीला ताप भरलाय, खोकते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "चौथं? मग दुपारपातुर येतील." आणि तिच्या भाकरीचा वेग वाढला. आक्कांना भाकरीबरोबरचं तिखट कोरड्यास चालत नाही म्हणून तिनं एक वाटी दूध बाजूला काढून झाकून ठेवलं.

यादी मैदानावर वाचून दाखवायची, म्हणजे कुणाला संशय नको, अशी भाऊंची पद्धत. व्हरांड्यात टेबल, टेबलावर माइक, शेजारी मी कागद धरून. भाऊ एकेक नाव वाचत होते आणि नावापुढं दोन वाक्यं जोडत होते. चौथं नाव वाचलं. तेव्हा गर्दीतनं तुका गुळव्या उठला. तुका त्या गावच्या गुऱ्हाळावर गूळ करायचा, पन्नाशीचा, वाळका, रसाच्या वाफेनं डोळे कायम लाल. आदल्या दिवशीच्या ट्रॉलीतनं तो आला होता. त्यानं विचारलं, "भाऊ, ह्ये चौथं घर तुमच्या पावण्यांचंच न्हवं?"

एवढंच. मी त्याच्यापासून पंधरा पावलांवर होते. त्याच्या आवाजात काही नव्हतं, किंवा असलं तर मला कळलं नाही. पण भाऊ थांबले. मैदानात हजारभर माणसं, कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं, कशाला हसलं देव जाणे. भाऊंनी घसा खाकरला. मला वाटलं, आला पावणा.

"बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "या प्रश्नाबद्दल मी आभारी आहे. होय, ते माझ्या मेहुणीचं घर आहे. आणि म्हणूनच मी आपणा सर्वांसमक्ष सांगतो, जोवर या यादीतला शेवटचा माणूस काठाला लागत नाही, तोवर माझ्या नात्यातला एकही माणूस या बोटीत पाय ठेवणार नाही." मग माइक थोडा बाजूला करून मला, "खोड ते. शेवटी लिही."

टाळ्या पडल्या. सावंत गुरुजी, मंडळाचे सचिव, त्यांनी तर डोळे पुसले. आणि मी? मी पट्टी लावून खोडलं. वाकडी रेघ मला चालत नसे. नाव शेवटी नेऊन लिहिलं, सत्तेचाळिसावं, पुन्हा तितक्याच चांगल्या अक्षरात. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझा ऊर भरून आला होता. असा बाप कुणाला असतो, असं मला वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भाऊंवर एवढी पानं खर्च केल्यावर हे एक वाक्य माझ्या नावे असायला हवं.

भिंतीपलीकडं कर्णा ऐकू जायचा. थापटण्याचा आवाज थांबला. आधी एका जोडीचा, मग एकेक करून सगळ्यांचा. आई कोपरापर्यंत पिठानं भरलेली मैदानावर आली. ती चारचौघांत भाऊंशी बोलत नसे. तेव्हाही ती टेबलाच्या मागच्या बाजूला येऊन हळू आवाजात बोलली.

"आवं, आक्कांचं नाव का खोडलं?"

"आता न्हाई. लोक बघायल्यात."

"बघू द्या की. त्या अंथरुणावर हायत्या. ताप हाय."

"अगं, लोक काय म्हंतील?"

"लोक पाण्यात हायती," आई म्हणाली. "तुमचा नेम म्हाताऱ्या माणसाचा हुता. पावण्याचा कवा झाला?"

 भाऊ माइककडं वळले आणि पाचवं नाव वाचायला लागले. आईनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "पेन तुझ्याकडंच हाय न्हवं?" मी कागदाकडं बघत राहिले. बोटीवरच्या पोरांना यादी मीच नेऊन देणार होते; वाटेत कुठंही थांबून चौथ्या जागी चार अक्षरं पुन्हा लिहिली असती तर कुणाला कळलं नसतं. मी लिहिली नाहीत. आई परत गेली. थोड्या वेळानं थापटणी सुरू झाली. आईनं भाकरी थांबवल्या नाहीत. पुरात ते कुणाला परवडत नाही.

त्या दिवशी दुपारी भाऊ जेवायला आले तेव्हा आईनं त्यांना बाजूला बसवलं. आधी सावंत गुरुजींना वाढलं, मग बोटीवरच्या पोरांना, मग ट्रॅक्टरवाल्यांना, मग गल्लीतल्या बायकांना, मला, माझ्या धाकट्या भावाला. शेवटी भाऊंना. भाकरी गार झाली होती. त्यांनी ती तशीच खाल्ली. गडबडीचं घर, चालायचं, असं त्यांना वाटलं असावं.

दिवसभरात बोटीच्या चार खेपा झाल्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी तीन. मावशीचा फोन बंद पडला होता. यादीतली पस्तिसाव्या नावापर्यंतची माणसं मैदानात आली होती. मी प्रत्येकापुढं बरोबरची खूण करत होते.

दुपारी धाकटा पळत आला, म्हणाला, पाण्याच्या काठाला काहील आलीय. उसाचा रस आटवायची ती लोखंडी काहील, चारपाच माणसं आत बसतील एवढी रुंद. आमच्या भागात पुरात ती होडीसारखी वापरतात. आम्ही ट्रॅक्टरवरनं काठावर पोचलो तेव्हा तुका गुळव्या छातीभर पाण्यातनं काहिलीला ढकलत शेवटचं अंतर आणत होता. दोन्ही अंगांना ट्रकच्या ट्यूबा बांधलेल्या. आत सुलामावशी बसलेली, तिच्या मांडीवर आक्का, खताच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळलेल्या. पोत्यांवर आमच्याच दुकानाचा शिक्का होता. मागं दोन म्हशी नाकं वर काढून पोहत येत होत्या.

तुका मैदानातनं उठून गेला होता तो सरळ गुऱ्हाळाच्या माळावर. काहील मोकळी करून, ट्यूबा मिळवून, पाण्यात घालायला त्याला दिवस गेला. घर गावाच्या पार टोकाला, बोटीच्या पोरांना सापडलंही नसतं, असं तो नंतर म्हणाला. आईनं त्याचे पाय धरले तेव्हा तो अवघडून मागं सरला. "वैनी, मी घर दावायला इचारलं हुतं," तो म्हणाला. "पावण्यांचं घर हाय तर भाऊंना ठावं असंल, न्हाईतर मी बोटीत बसतो, वाट दावतो, असं म्हणायचं हुतं. भाऊंनी फुडं बोलूच दिलं न्हाई."

भाऊ तिथंच होते. त्यांनी हे ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि त्या चेहऱ्यावर काहीतरी सुरू झालं होतं, नक्की झालं होतं. तेवढ्यात मंडळाच्या एका पोरानं मोबाइल वर धरला आणि भाऊंचा हात आपोआप काहिलीच्या काठावर गेला. तो फोटो संध्याकाळी सगळीकडं फिरला. खाली मंडळाचं नाव होतं.

आक्कांना सांगलीला सरकारी दवाखान्यात नेलं. छातीत कफ झाला होता. मी एकदा भेटायला गेले. बोलवत नव्हतं तरी त्यांनी डोळे किलकिले करून विचारलं, "कर्णा बरा हाय न्हवं?" चौथ्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय होतं, एक दिवस आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. सांगता आलं नसतं, हे खरं. भाऊंनी त्या वाक्याला घट्ट धरलं. मीही धरलं.  सासूच्या दुखवट्याला आलेल्या माणसांना मावशी चहा विचारत होती.

पाणी उतरलं, घराघरांतला चिखल निघाला, आणि महिन्याभरानं मंडळानं कृतज्ञता सोहळा ठेवला. आभार कुणी कुणाचे मानायचे हे पत्रिकेवरनं कळत नव्हतं. मंगल कार्यालय, बाहेरनं आलेले पाहुणे, फेटे, शाली, नारळ. भाऊंच्या मानपत्राचा मजकूर सावंत गुरुजींचा. त्यात 'आप्तस्वकीयांना अखेरच्या स्थानी ठेवणारा कर्मयोगी' असं एक वाक्य होतं आणि ते पुरावा देऊन सिद्ध करायचं म्हणून पूरग्रस्तांच्या यादीत सुलामावशीला खास बोलावलं होतं, साडीचोळी द्यायला. तुकाला बोलावलं नव्हतं. काहील मात्र फ्लेक्सवर होती.

मावशी आली, हे मला नवल वाटलं. ती शेवटच्या रांगेत भिंतीकडेला बसली. मानपत्र वाचून झालं, भाऊंना शाल पडली, आणि गुरुजींनी माइकवर तिचं नाव पुकारलं. पुढच्या सगळ्यांनी माना वळवल्या. मावशी जागची उठली नाही. बसल्या जागेवरनं, मोठ्यानं नाही, पण कार्यालय शांत होतं म्हणून ऐकू गेलं, ती म्हणाली, "आमचं नाव शेवटी हाय, गुरुजी. आदी बाकीच्यांचं हुंद्या."

गुरुजी गोंधळले. मग त्यांना ते फार सुंदर वाटलं. "बघा," ते माइकवर म्हणाले, "हीच ती शिकवण." टाळ्या झाल्या. भाऊंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते शाल घट्ट धरून समोर बघत होते.

मग बाकीच्यांचे सत्कार झाले. देणगीदार, टी-शर्टवाले, मंडपवाला, पाहुण्यांचे ड्रायव्हर. पाहुण्यांचं भाषण लांबलं. जेवणाचा वास यायला लागला तशी माणसं चुळबुळली, गुरुजींनी आभार उरकले, राष्ट्रगीत झालं. मावशीचं नाव परत कुणी घेतलं नाही. राष्ट्रगीताला ती ताठ उभी राहिली, फौजीची बायको. ते संपल्यावर पदर सावरून, न जेवता, एसटी स्टँडकडं चालत गेली. आई तिच्या मागोमाग स्टँडपर्यंत गेली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर भाऊंनी शाल खुंटीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी आईनं ती काढून भाकरीच्या दुरडीत घातली. शाल ऊबदार निघाली. संध्याकाळपर्यंत भाकरी मऊ राहायच्या. त्या भाकरी ती आम्हाला वाढायची, आल्यागेल्याला वाढायची, दुकानातल्या हमालाला वाढायची, दारातल्या कुत्र्याला तुकडा टाकायची आणि मग भाऊंना. रोज. मी लग्न होऊन गेले, धाकटा पुण्याला गेला, घरात दोघंच राहिली, तेव्हाही ती आधी स्वतःचं जेवून घ्यायची आणि मग त्यांचं ताट करायची. भाऊ पाटावर बसून वाट बघायचे. बोटीची ती यादी अजून माझ्याकडं आहे. खोडलेलं नाव अजून वाचता येतं, रेघ एकच होती आणि सरळ होती. ती मी भाऊंना कधी दाखवली नाही. भाऊंनीही आईला कधी विचारलं नाही, मला शेवटी का वाढतीस म्हणून. विचारलं असतं, तर मला वाटतं, आईनं त्याच दिवशी त्यांना आधी वाढलं असतं.